जाहीर वैद्य, गुप्त रोगी

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकीगत सचित्र प्रसिद्ध झाली. १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा इसम टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला, आणि सुमारे वर्षभर बिननाकाने काढल्यावर पुण्याच्या आसमंतातील, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका मनुष्याने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या बेताने आकारून, तो कपाळावर ठेवून त्याची आखणी करावयाची, तेवढी कातडी सोडवून दोन भुवयांमध्ये तिचा एक चिंचोळा पट्टा जिवंत राखावयाचा, मग ती उलटी फिरवून नाकाच्या जागी बसवावयाची आणि वर खैराच्या कातात भिजविलेल्या चिंध्या ठेवून तिला मांसाशी एकजीव होऊ द्यावयाचे, अशी ती कृती होती. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो पट्टा कापला की काम झाले. त्या वेळी सवाई माधवरावांच्या दरबाराकडे चित्रे काढण्यासाठी आलेल्या जेम्स वेल्स याने कावसजीची तसबीर काढली, तिचे छाप निघाले, आणि पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनाने हाच प्रयोग लंडनमध्ये करून १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. या सगळ्या खटाटोपात रोग्याचे नाव नमूद झाले, चित्रकाराचे झाले, इंग्रज सर्जनाचे तर झालेच. ज्याच्या हातात वस्तरा होता त्याचे नाव मात्र कोणी विचारून ठेवले नाही. त्याला त्याची फिकीर असेल, असेही वाटत नाही. नाके कापण्याची शिक्षा ज्या काळी सर्रास होती त्या काळी त्याची जाहिरात पुण्याच्या पेठांतून आपल्या पायांनी हिंडत होती.

आपल्याकडील वैद्यकाच्या व्यवसायाचा इतिहास औषधांच्या अंगाने पुष्कळांनी लिहिला आहे. तो प्रसिद्धीच्या अंगाने वाचू लागले की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. वैद्याला गिऱ्हाईक हवे असते आणि रोग्याला आडोसा हवा असतो, आणि या दोन गरजांचा मेळ ज्या काळी ज्या साधनाने बसला त्याच साधनाने त्या काळच्या वैद्याचे रूप घडविले. हल्ली तरुण मुले मोबाइलच्या पडद्यावर वैद्य शोधतात आणि वैद्यही तेथे त्यांची वाट पाहत बसलेले असतात, म्हणून वडीलधारी मंडळी हळहळतात; परंतु या हळहळीला जुन्या काळचा आधार वाटतो तेवढा भक्कम नाही.

गावातील घरंदाज वैद्य, जो ओटीवर सहाण आणि खल घेऊन बसे, माडीवरच्या फडताळात भस्मांच्या कुप्या आणि आजोबांच्या हातची बाडे जपून ठेवी, आणि औषधाचा मोबदला तोंडाने न मागता सुगीला घरी येणाऱ्या पायलीभर धान्यावर संतोष मानी, तो स्वतःच्या गुणांविषयी चार लोकांत बोलणे हे कमीपणाचे समजे. बोलावणे आल्याशिवाय रोग्याच्या घराची पायरी चढावयाची नाही, हा त्याचा दंडक होता. धर्मार्थ औषध देणाऱ्या वैद्याला आणि हकिमाला इनाम किंवा वर्षासन लावून दिल्याच्या नोंदी पेशवे दफ्तरात आहेत, आणि ज्याच्या घरात अशी सनद आहे त्याला दवंडी पिटण्याची गरज नव्हती. या संकोचाला शास्त्राचाही आधार होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकोणतिसाव्या अध्यायात वैद्यांचे दोन वर्ग सांगितले आहेत: प्राणांच्या बाजूने उभा राहणारा तो प्राणाभिसर, आणि रोगाच्या बाजूने उभा राहणारा तो रोगाभिसर. या दुसऱ्या वर्गाचे जे वर्णन तेथे येते ते वाचताना ग्रंथकाराने आपल्याच गल्लीतील कोणाला तरी डोळ्यांसमोर ठेवले असावे असा भास होतो. कोणी आजारी पडल्याचे कानावर आले की हे लोक धावत जातात, रोग्याला ऐकू जाईल अशा बेताने आपल्या विद्येची थोरवी गातात, जो वैद्य आधीपासून उपचार करीत असेल त्याचे दोष पुनःपुन्हा उगाळतात, रोग्याच्या मित्रांना गोड बोलून वश करतात, आणि आपल्याला फारशी अपेक्षा नाही असे भासवितात. जाहिरातशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात यापेक्षा निराळे काही असते, असे मला तरी आढळलेले नाही.

परंतु या घरंदाज वैद्याच्या ओटीपर्यंत ज्यांचे पाऊल पोहोचत नसे, किंवा पोहोचू दिले जात नसे, अशा लोकांची संख्या थोडीथोडकी नव्हती, आणि त्यांचा वैद्य आपल्या पायांनी त्यांच्याकडे येई. तो वैदू. घरात तेलुगूच्या वळणाची बोली बोलणारी, गावकुसाबाहेर पाल ठोकून राहणारी, कुत्री आणि गाढवे यांच्या लवाजम्यानिशी वर्षातले आठ महिने फिरतीवर असणारी ही जमात. दाढीवाले, झोळीवाले, चटईवाले असे तिच्यात भेद. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथाच्या यात्रेला भटक्या जमाती जमत, त्यांत हेही असत, आणि वर्षभराचे तंटेबखेडे तेथे जातपंचायतीपुढे निकाली निघत. वैदूच्या खांद्यावरील झोळीत मुळ्या, साली, बिया, शिंगे, दगड आणि नखे असत, हातात नासके रक्त ओढून काढण्याची तुंबडी असे, आणि गळ्यात एक असा आवाज असे की जो तीन आळ्या ओलांडून माजघरात दळण दळणाऱ्या बाईपर्यंत पोहोचे. त्याची हाळी म्हणजे व्याधींची एक लांबलचक यादीच असावयाची: दमा, खोकला, संधिवात, मूळव्याध, पोटातला गोळा, मुलाला लागलेली दृष्ट, आणि ज्या व्याधीचे नाव भररस्त्यात घेणे प्रशस्त नाही तिच्यासाठी यादीच्या शेवटी आवाज किंचित खाली येई. हे आवाजाचे खाली येणे फार महत्त्वाचे होते. ते ऐकून गावातला एखादा नुकता लग्न झालेला पोरगा, जो ओटीवरच्या वैद्यबुवांकडे जन्मात गेला नसता (कारण वैद्यबुवा त्याच्या बापाचे स्नेही), तो सायंकाळी पाणंदीच्या वाटेने पालांकडे वळे. वैदू दुसऱ्या दिवशी गाव सोडणार, हीच त्याच्या गुप्ततेची हमी होती. औषध लागू पडले नाही तर त्याला जाब विचारण्याची सोयही त्याच हमीत बुडून जाई, आणि वैदूने आपली तुंबडी भरून घेतली असे गाव म्हणे. गाव त्याला भोंदू म्हणे आणि पुढच्या वर्षी त्याची वाटही पाही. त्याच्यापाशी वनस्पतींचे खरे ज्ञान किती आणि बतावणी किती, याचा हिशेब कोणी नीट मांडला नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या झोळीतील घोरपडीची चरबी आणि सांड्याचे तेल हे गुन्ह्याचे पुरावे ठरले, तेव्हाही तो हिशेब कोणी मागितला नाही.

छापखाना आला तेव्हा घरंदाज वैद्याचा संकोच प्रथम हलला. गणपत कृष्णाजींनी १८४१ मध्ये पहिले छापील मराठी पंचांग काढले. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने पुढे वैद्यकाचे संस्कृत ग्रंथ इतक्या शुद्ध आणि सुबक रूपात छापले की जी बाडे माडीवरच्या फडताळात होती ती कोणाही विद्यार्थ्याच्या हाती पडू लागली. बाडाचे गुपित गेले तसा वैद्याचा अर्धा दबदबाही गेला, आणि उरलेला अर्धा टिकविण्यासाठी त्याला आपले नाव कागदावर आणणे भाग पडले. तरीही या व्यवसायाचा कायापालट केला तो छापखान्याने नव्हे, टपालखात्याने केला, असे माझे मत आहे. १८५४ मध्ये देशभर अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले आणि १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडी रुळलेली व्ही. पी., सुरू झाली. पैसे आधी पाठवावयाचे नाहीत, पार्सल दारात आल्यावर पोस्टमनच्या हातात ठेवावयाचे, या एका सोयीने ज्याने वैद्याला पाहिले नाही आणि ज्याला वैद्याने पाहिले नाही असा रोगी निर्माण झाला. नाडीवर ठेवावयाची तीन बोटे या व्यवहारातून आपोआप गळून पडली. नाडीपरीक्षा ही चरकाच्या काळची नसून शार्ङ्गधराच्या ग्रंथापासून पुढे प्रतिष्ठा पावली, तेव्हा तिच्यावाचून वैद्यक अडत नाही, असा युक्तिवादही करता येतो. पण तो युक्तिवाद कोणी केला नाही, कारण कोणाला त्याची गरज भासली नाही. पार्सले जात होती.

१८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेलला धूतपापेश्वराच्या नावाने औषधांचा कारखाना काढला. १८९३ मध्ये काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थांनी मुंबईत अमृतांजन हे डोकेदुखीचे मलम तयार केले आणि गायनाच्या बैठकींना जमलेल्या रसिकांत ते फुकट वाटून त्याचे नाव केले. पुढे १९०८ मध्ये याच गृहस्थांनी मलमाच्या पैशावर मुंबईतूनच 'आंध्रपत्रिका' हे वर्तमानपत्र सुरू केले. एरवी वर्तमानपत्रे औषधांच्या जाहिरातींवर जगत. येथे औषधाने वर्तमानपत्र जन्माला घातले. जामनगरच्या झंडू भट्टजींच्या नावाने १९१० मध्ये मुंबईत कारखाना उभा राहिला. या सगळ्यांत वैद्याचे नाव बाटलीवर आले आणि वैद्य बाटलीमागे गेला. गिऱ्हाईक झंडू मागू लागले, आणि झंडू हे एका मनुष्याचे नाव होते हे विसरू लागले. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्यासारख्या विद्वानांना ही घसरण दिसत होती. त्यांनी मासिके चालविली, १९०७ मध्ये नाशिकला वैद्यांचे संमेलन भरविले, शिक्षण आणि परीक्षा यांचा आग्रह धरला. त्या खटपटीचे फळ राजदरबारी दिसावयास १९३८ साल उजाडले. त्या वर्षीच्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू झाली.

या छापील जाहिरातींचा खरा लक्ष्यबिंदू तरुण होता. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्यांची जाहिरात त्या काळी हिंदुस्थानभरच्या नियतकालिकांतून झळके, आणि गोळ्यांच्या आधी एक पुस्तिका मोफत मिळे. अशा पुस्तिकांचा एक ठरीव साचा असे. तारुण्यातील अविचाराने धातूचा नाश होतो, धातूच्या नाशाने तेज जाते, स्मरण जाते, संतती जाते, असे भय आधीच्या पानांत घालावयाचे, आणि शेवटच्या पानावर दर छापावयाचे. पत्रव्यवहार गुप्त राहील, हे वाक्य तर या धंद्याचे मंगलाचरणच होते. वसतिगृहात राहणारा, परीक्षेच्या धास्तीने आधीच अर्धा झालेला विद्यार्थी हे वाचून आपल्याला काहीतरी भयंकर झाले आहे, अशी खात्री करून घेई, आणि त्याचा रोग व त्याचे औषध एकाच टपालाने येई. वैदूने सायंकाळच्या अंधारात जो आडोसा दिला होता तो आता तपकिरी कागदाने आणि लाखेने दिला.

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, तेव्हा त्यांच्या समोर हाच भ्यालेला तरुण होता. वाचकांच्या ज्या प्रश्नांना कोठेच उत्तर मिळत नसे त्यांना ते उघड, कोरड्या, किंचित तिरसट भाषेत उत्तर देत. मौज अशी की अज्ञानावर पोसलेल्या गोळ्यांच्या जाहिराती सभ्य पत्रांतून बिनदिक्कत छापून येत, आणि अज्ञान दूर करणाऱ्या मासिकावर अश्लीलतेचे खटले भरले जात. १९३४ मधील खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. १९५३ मध्ये कर्वे गेले आणि मासिक त्यांच्याबरोबर संपले. गोळ्या संपल्या नाहीत.

त्यानंतरच्याच वर्षी, १९५४ मध्ये, औषधी आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टातील रोगांची यादी मोठी वाचनीय आहे: मधुमेह, कर्करोग, कोड यांच्या पंक्तीला त्यात शरीराची उंची आहे, लठ्ठपणा आहे, स्त्रीच्या वक्षाचा आकार आहे. कायदा करणाऱ्यांनी रोगांची यादी केली की तरुणांच्या चिंतांची, असा प्रश्न पडतो. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने या कायद्याला आव्हान दिले. १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही भाग रद्द केला, परंतु अशा जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे कवच मिळणार नाही, हे ठामपणे सांगितले. वैद्यांसाठी १९८२ मध्ये जी आचारसंहिता झाली तिनेही गिऱ्हाईक ओढण्यासाठी जाहिरात करण्यास मनाई केली. दवाखाना उघडला, हलविला, एवढे मात्र वर्तमानपत्रातून कळविण्याची मुभा ठेवली. ओटीवरच्या वैद्यबुवांचा संकोच असा सरकारी दफ्तरात जमा झाला.

मग जाहिरात भिंतीवर गेली. आगगाडीने शहराच्या हद्दीत शिरताना रुळांकडेच्या कुंपणभिंतींवर चुन्याने आणि निळीने रंगविलेली गुप्तरोगांची अक्षरे ज्याने वाचली नाहीत असा प्रवासी विरळा. मुंबईच्या लोकलच्या डब्यांत तीच अक्षरे चिटोऱ्यांवर आली. प्रतिष्ठितांसाठी निराळी वाट होती. १९६७ मध्ये विविध भारतीची जाहिरातसेवा मुंबई, पुणे आणि नागपूर येथून सुरू झाली, १९७२ मध्ये मुंबईला दूरदर्शन आले, आणि १९५२ मध्ये केशव विष्णु पेंढरकर यांनी परळला आरंभिलेल्या विकोची धून घरोघरी मुलांच्या तोंडी बसली. विकोचे हळदीचे मलम औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी खात्याने जो दावा वर्षानुवर्षे चालविला त्याचा निकाल विकोच्या बाजूने लागला. वापरणाऱ्यांना तो प्रश्न कधी पडला नव्हता.

२०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट कवडीमोलाने मिळू लागले आणि २०२० च्या साथीत काढ्याचे नुस्खे व्हॉट्सॲपवरून घरोघर फिरले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी वैद्यांसाठी दूरस्थ उपचारांचे नियम निघाले, आणि नाडीवाचूनच्या वैद्यकाला प्रथमच राजमान्यता मिळाली. आता बी. ए. एम. एस. झालेली एखादी तरुण वैद्या, जिच्या पणजोबांनी बोलावण्याशिवाय कोणाची पायरी चढली नसती, ती मिनिटभराच्या रीलमध्ये केस का गळतात, झोप का लागत नाही, पाळी का चुकते, हे हसतमुखाने सांगते. हे बाटलीच्या काळापेक्षा बरे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. निदान वैद्याला पुन्हा चेहरा आला, आणि या सांगणाऱ्यांत काहीजण आधी तपासून घ्या, असे म्हणण्याइतके सज्जनही असतात. तिच्या शेजारच्याच चौकटीत डोक्याला फेटा बांधलेला कोणी एक पुरुष मुळ्यांची परडी पुढे मांडून बसलेला असतो, आणि त्याच्या बोलण्यातील व्याधींची यादी, तिची लय, आणि शेवटी किंचित खाली येणारा आवाज ऐकला की पाणंदीपलीकडची पाले आठवतात. ओटी आणि पाल यांतील अंतर मोजावयास पूर्वी अर्धा कोस चालावे लागे; आता अंगठ्याचे एक सरकणे पुरते.

नवलाची गोष्ट यापुढेच आहे. वैदू हाळी घालीत असे ती सगळ्या आळीला ऐकू जाई. ज्याला गरज नाही तोही ती ऐके. आताची हाळी ज्याची त्यालाच ऐकू येते. तरुणाने रात्री एकदा केस गळण्याविषयी काही पाहिले की दुसऱ्या दिवसापासून तेले, गोळ्या आणि वैद्य त्याच्या पाठीशी लागतात. कोणी आजारी पडल्याचे कानावर येताच धावत जाणारा चरकाचा रोगाभिसर आता यंत्राच्या पायांनी धावतो, आणि रोग्याने तोंड उघडण्यापूर्वीच तेथे पोहोचतो. कायदा त्याच्यामागून धापा टाकीत येतो. परवानगीवाचून आयुर्वेदिक औषधाची जाहिरात करू नये, असा १७० क्रमांकाचा नियम २०१८ मध्ये आला, जुलै २०२४ मध्ये केंद्राने तो काढून टाकला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काढून टाकण्यालाच स्थगिती दिली. त्याच वर्षी पतंजलीच्या जाहिरातींच्या प्रकरणात वर्तमानपत्रांतील माफीनामा जाहिरातींच्या आकाराएवढा आहे काय, असे न्यायालयाने विचारले होते. खटला मोबाइलच्या युगातला, पण प्रश्न तेवढा जुन्या, पट्टीने मोजावयाच्या कागदाचा होता.

गेल्या पावसाळ्यात आमच्या बहिणीकडे मी चार दिवस मुक्कामाला होतो. दुपारी दाराची घंटा वाजली. एक पोरगा हातात खोके घेऊन उभा. वर कंपनीचे नाव नाही, आत काय आहे याचा उल्लेख नाही, रक्कम मात्र छापलेली, आणि ती रोख द्यावयाची होती. भाचा खोलीतून लगबगीने आला, पैसे मोजून दिले, खोके काखेत मारले. "काय रे मागवलंस?" असे बहिणीने स्वयंपाकघरातून विचारले, तेव्हा "चार्जर गं, आई," एवढे बोलून त्याने दार लोटून घेतले. खोक्याला मंद असा भृंगराजाचा वास येत होता.